सगळ्यांना पाच सेकंद

माझं काम आकडे लिहिण्याचं. राळेगाव तालुक्यातल्या एका सबस्टेशनवर मी ऑपरेटर आहे. तेहतीस हजार व्होल्टची लाईन येते, आवारातला ट्रान्सफॉर्मर तिला अकरा हजारांवर उतरवतो, आणि तिथून तीन फिडर, म्हणजे वीज वाटणाऱ्या लाईनी, निघतात: एक गावांतल्या घरांचा, एक कापसाच्या जिनिंगचा आणि एक शेतीपंपांचा. दर तासाला मी पॅनलसमोर उभी राहते, व्होल्टेज आणि करंट लॉगशीटवर लिहिते आणि खुर्चीत येऊन बसते. काही घडलं नाही तर मी काम नीट केलं असा अर्थ होतो, पण तसं कुणी बोलून दाखवत नाही. सोळा वर्षांत माझं कौतुक एकदाच झालं, आणि तेही अक्षराबद्दल.

शेतीच्या फिडरवर दोन गावं आहेत. त्यातलं एक माझं माहेर. त्यामुळे लाईन गेली की तिथलं कुणी तक्रारीच्या नंबरवर फोन करत नाही, सरळ मला करतं. लग्न होऊन मी राळेगावला गेले तरी गावाच्या लेखी मी अजून गावची मुलगी आहे, आणि गावच्या मुलीला बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

सबस्टेशनशेजारच्या गायरानावर सोलरचा प्लँट झाला तेव्हा गावात मतं पुष्कळ होती. काचा ऊन ओढून घेतील आणि कपाशीची बोंडं फुटणार नाहीत, असं एकाचं मत. काचा पाहून पाऊस वळतो, असं दुसऱ्याचं. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला, तेव्हा तोच माणूस म्हणाला की काचांमुळेच झाला. योजना तशी साधी होती. इथल्या उन्हाची वीज इथल्याच फिडरवर टाकायची आणि शेतीला दिवसा लाईन द्यायची. तोवर शेतीची लाईन पाळीने यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री.

पहिली अडचण उणे चिन्हाची झाली. प्लँट जोडला तेव्हा दिवाळी होती. जमिनीत ओल होती म्हणून पंप बंद, जिनिंगला सुटी, आणि ऊन मात्र सुटीवर गेलं नव्हतं. भर दुपारी प्लँटची वीज घ्यायला कुणीच नव्हतं, म्हणून ती आमच्याच ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वर चढून तेहतीसच्या लाईनवर निघाली. मीटरने उणे आकडा दाखवला, मी उणे आकडा लिहिला. चार दिवसांनी लॉगशीट परत आली, वर शेरा, "आकडा चुकला आहे, दुरुस्त करून पाठवावा." मी तोच आकडा लाल शाईने लिहून पाठवला. पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी मीटरचा फोटो जोडला. मग वर कुणीतरी विचार केला असावा, कारण महिन्याभराने नवीन लॉगशीट आली आणि तिच्यात उणे आकड्यासाठी एक रकाना जास्त होता. त्या दिवसांत दुपारचं व्होल्टेज इतकं चढायचं की गावातले बल्ब फुटायचे. त्याबद्दल लोकांनी मला नावं ठेवली. उन्हाला कुणी काही म्हणालं नाही.

दिवसाच्या लाईनचं उद्घाटन दूर कुठेतरी मंडपात झालं. तिथे पाहुण्यांनी एक बटण दाबलं, ते कशालाही जोडलेलं नव्हतं. जोडलेलं बटण माझ्या पॅनलवर होतं. साहेब म्हणजे आमचे शाखा अभियंता मंडपात होते. त्यांनी फोनवर "हं, आता" म्हटलं आणि मी शेतीच्या फिडरचा ब्रेकर दिला, म्हणजे लाईन चालू केली. सकाळचे साडेआठ वाजले होते. मला मनात मोजायची सवय आहे. एक, दोन, तीन, चार, पाच. करंटच्या मीटरचा काटा जागचा उठला तो थेट शेवटच्या आकड्याला जाऊन आदळला. खोलीतला बल्ब पिवळा पडला, बाहेर ट्रान्सफॉर्मर कण्हला आणि फिडर ट्रिप झाला. मंडपातल्या टाळ्या मला फोनवर ऐकू येत होत्या.

"पुन्हा द्या," साहेब हळू आवाजात म्हणाले. पुन्हा दिला. पाच मोजले, पुन्हा गेला. तेवढ्यात प्लँटवरच्या इंजिनिअरचा फोन आला. तो राजस्थानचा, एकटाच राहतो, आणि आपल्या यंत्रांबद्दल घरच्या माणसांसारखं बोलतो. "मॅडम, आपका वोल्टेज बैठ रहा है, मेरे इन्व्हर्टर भाग रहे हैं."

प्रकार असा होता. मोटर चालताना जेवढा करंट घेते त्याच्या पाच-सहा पट ती उठताना घेते. बंद पडलेल्या एसटीला ढकलताना पहिला जोर जास्त लागतो, तसंच ते. सगळ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज बसतं. व्होल्टेज बसलं की प्लँटचे इन्व्हर्टर, म्हणजे काचांची वीज लाईनजोगी करणारी यंत्रं, स्वतःला लाईनपासून तोडून घेतात आणि पाच मिनिटं परत येत नाहीत, त्यांची घडणच तशी. मग सगळा भार एकट्या ट्रान्सफॉर्मरवर पडतो आणि संरक्षणाचा रिले फिडर बंद करतो. चौथ्या वेळी फिडर टिकला. कारण तोवर चार डीपींचे, म्हणजे शेतातल्या खांबांवरच्या लहान ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज उडाले होते आणि भार आपोआप कमी झाला होता. पेपरात आलं की योजनेला उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला.

बरोबर पाच सेकंदच का, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. ते पाच सेकंद माझ्या बाबांनी लावलेले होते.

बाबांनी तीस वर्षं राळेगावात मोटर वायंडिंगच्या दुकानात काम केलं आणि सकाळ-संध्याकाळ आमची चार एकरं सांभाळली. मी बारावीत असताना रात्रीच्या पाळीचा आठवडा चालू होता. बाबा दुकानात अडकले होते म्हणून आई मोटर सुरू करायला वावरात गेली, आणि बांधावर तिला मण्यार चावली. ती दुसरा दिवस पाहू शकली नाही. मला त्या गोष्टीचा अजून राग येतो. सापाचा येत नाही, साप आपल्या जागी होता. वेळापत्रकाचा येतो. पुढे त्याच विजेच्या कामात मी नोकरीला लागले, कारण जाहिरात निघाली होती.

बाबा रडले की नाही मला माहीत नाही. त्यांनी एक डबा बनवला. स्टार्टरला जोडायचा पत्र्याचा डबा, लाईन आली की आपोआप मोटर सुरू करणारा. याला ऑटो स्विच म्हणतात, बाजारातही मिळायचे, पण बाबांचा जळत नव्हता. आधी आमच्या पंपाला बसवला, मग शेजाऱ्याच्या, मग त्याच्या शेजाऱ्याच्या. पाच-सहा वर्षांत दोन्ही गावांतल्या दोनशे पंपांवर बाबांचे डबे बसले आणि लोकांचं रात्री वावरात जाणं थांबलं. त्यानंतर आमच्या दोन गावांत मोटर सुरू करायला जाऊन कुणी दगावलं नाही. याची नोंद कुठल्याच लॉगशीटवर नाही.

डब्यात एक बारीक स्क्रू होता. लाईन आल्यावर किती थांबून मोटर उचलायची ते त्या स्क्रूने ठरायचं. सुरुवातीला गावात बोभाटा झाला, की ज्याचा डबा आधी उचलतो त्याला व्होल्टेज चांगलं मिळतं, आणि बाबा ओळख पाहून स्क्रू लावतात. बाबांनी मग हातात घड्याळ घेऊन दोन्ही गावं पालथी घातली आणि प्रत्येक डबा पाच सेकंदांवर लावला. पाटलांचा असो की आमच्या बौद्धपुऱ्यातला असो, पाच म्हणजे पाच.

त्यामागे विहिरीची गोष्ट होती. बाबा लहान असताना त्यांची आई गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून बसायची. सगळ्यांचं भरून झालं की कुणीतरी वरून ओतायचं, कधी ओतायचंही नाही. बाबांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही एक स्टार्टर उघडून बसले असताना, माझ्याकडे न पाहता. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत कुणी आधी आणि कुणी मागून हे बाबांना चालणारं नव्हतं. पूर्वी दोन गावांच्या पाळ्या वेगळ्या होत्या आणि मध्ये सोलरही नव्हतं. शंभर मोटरी एकदम उठल्या तर ट्रान्सफॉर्मर कुरकुरत का होईना सोसायचा. आता दोनशे मोटरी समान हक्काने एकाच क्षणाला उठायच्या, आणि फिडर तो हक्क मानायला तयार नव्हता.

आठवडाभर रोज सकाळी हेच झालं. दुपारी ढग आला आणि प्लँट जरा खाली गेला तरी हेच. मग साहेब एक पत्र घेऊन आले. साहेब माणूस वाईट नाही, फक्त वरून पत्र आलं की त्यांना घाम फुटतो. पंधरा दिवसांत फिडर स्थिर झाला नाही तर पंपांचे दोन गट करायचे, असं पत्रात होतं. एका गटाला दिवसा लाईन, दुसऱ्याला रात्री. पूर्वीसारखंच, पाळीने.

"म्हणजे पुन्हा रात्री?" मी विचारलं.

"निम्म्यांनाच," साहेब म्हणाले. त्यांना ते दिलासा देणारं वाटत होतं.

ड्युटी संपल्यावर मी माहेरी गेले. बाबा अंगणात बाजेवर बसून हरभरा निवडत होते.

"बाबा, डबे काढा लागते," मी म्हटलं.

"कायले?"

"समद्या मोटरी एकदम उठून राह्यल्या. फिडर टिकत नाई."

"मंग फिडर मजबूत करा म्हणा." बाबांनी मान वर केली नाही. "दिवसाची लाईन किती दिवस देतीन? मांगं बी दिलती, आठ दिवस. डबा काढला अन् पुन्हा रात्रीची लाईन आली, तं वावरात कोण जाईन? तू जाशील?"

"नका काढू मंग. सेकंद तं बदलवा. कोणाले वीस, कोणाले चाळीस. एकामागून एक उठल्या तं लाईन सोसते."

"म्हणजे एकाले आधी अन् एकाले मागून."

"पाच मिनिटाचा फरक हाय, बाबा! आठ घंट्यातल्या पाच मिनिटाचा!"

"इहिरीवर बी तेवढाच होता," बाबा म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आठ दिवस रोज सकाळी चारदा ब्रेकर देऊन आणि गावाचे फोन ऐकून माझं डोकं जाग्यावर नव्हतं. मी म्हटलं, "मायसाठी केलता ना हा डबा? तं आता तुमच्या पाच सेकंदापायी रात्रीची लाईन परत येऊन राह्यली. पुन्हा कोणाची तरी माय जाईन वावरात."

बाबांनी सूप खाली ठेवलं आणि उठून घरात गेले. मी बाजेवर बसून राहिले. निवडलेला हरभरा कुठला आणि न निवडलेला कुठला ते मला कळेना, म्हणून तोही हाती घेतला नाही. नंतर मी राळेगावला परत गेले. बोलले ते खोटं नव्हतं, पण ते बोलायचा मला हक्क नव्हता. मला आजही त्याची लाज वाटते.

चार दिवस बाबांनी फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी आठ वाजता ते सायकलवर सबस्टेशनला आले. इतक्या वर्षांत ते कधी आत आले नव्हते. चप्पल दाराबाहेर काढली, पॅनलच्या रांगेकडे पाहिलं, आणि ओळखीच्या माणसाला विचारावं तसं मला विचारलं, "आपला काटा कोणता?"

मी दाखवला. आमचा लाईनमन तिथेच होता. त्याने बाबांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. साडेआठला मी ब्रेकर दिला. बाबा मोठ्याने मोजू लागले, "एक, दोन, तीन, चार," आणि पाचाला काटा आदळला, बल्ब पिवळा पडला, फिडर गेला. बाबा हलले नाहीत. "पुन्हा दे." मला तसाही द्यायचाच होता, दिला. या वेळी ते काट्याकडे न पाहता दारात जाऊन ट्रान्सफॉर्मरकडे तोंड करून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी मोटरी एकेक करून ऐकल्या होत्या. आपल्या हातच्या दोनशे मोटरी एकदम ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती.

"हे मी केलं होय," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता.

मग ते खुर्चीत बसले आणि लॉगशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडू लागले. मी काही म्हटलं नाही, लॉगशीट सरकारी असली तरी. एक मोटर उठायला तीन सेकंद. डीपी चौदा. एका डीपीवरच्या मोटरी एकदम उठल्या तर फिडरला काही होत नाही. दोन डीपींच्या मध्ये वीस सेकंद ठेवले तर सगळं गाव पाच मिनिटांच्या आत चालू.

"मंग सबस्टेशनापासून धरा," लाईनमन म्हणाला. "जवळचा डीपी आधी, दूरचा मागून."

लाईनीच्या शेवटच्या टोकाला आमच्या पुऱ्याची वावरं आहेत. बाबांनी पेन्सिल थांबवली. "शेवटून धरू," ते म्हणाले. "टोकावर व्होल्टेज कमी असते. लाईन मोकळी असतानी त्याहीच्या मोटरी आधी उठल्या पाह्यजे."

"पाटील आयकतीन काय?"

"यात जात नाई, व्होल्टेज हाय," बाबा म्हणाले. "नसन पटत तं फिडरले इचारा म्हणा."

पुढचे सहा दिवस बाबा लाईनमनच्या मोटारसायकलवर मागे बसून वावरंवावरं फिरले. सत्तरीचा माणूस, खिशात एक स्क्रूड्रायव्हर आणि हातात तेच जुनं घड्याळ. एका डीपीला पाच सेकंद, पुढच्याला पंचवीस, त्याच्या पुढच्याला पंचेचाळीस. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, "मले मागून काहून?" बाबा प्रत्येकाला फिडर समजावून सांगायचे. लाईनमन मला संध्याकाळी सांगायचा, की समजावून झाल्यावर माणूस मान हलवतो, चहा पाजतो आणि पुन्हा विचारतो, "पण मले मागून काहून?"

सातव्या दिवशी साडेआठला मी ब्रेकर दिला. या वेळी पाच मोजायचीही संधी मिळाली नाही. ब्रेकर बसता क्षणीच काटा आदळला.

लाईनमन चार डबे उघडून पाहून आला. बाबांची पाठ वळली की ज्याने त्याने आपापला स्क्रू शून्यावर फिरवला होता. प्रत्येकाला वाटत होतं, बाकी सगळे थांबणार आहेत, आपण एकट्याने आधी उचलल्याने काय होतं. दोनशे माणसांनी एकमेकांना न विचारता इतका एकोपा दाखवल्याचं मी गावात दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

मुदतीला तीन दिवस उरले होते. बाबांनी त्या संध्याकाळी समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. मीही गेले आणि दारापाशी बसले. दोन्ही गावांची माणसं आली होती, पाटीलही आले. आमच्या समाजमंदिरात पाटील येऊन बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले, पण त्या दिवशी त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

"स्क्रू कोणं कोणं फिरवला?" बाबांनी विचारलं.

कुणीच नाही.

"म्हणजे दोनशे स्क्रू आपल्या मनानं फिरले. बरं." बाबांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून सतरंजीवर ठेवला. रंग उडालेला, कोपऱ्यात गंजलेला. मी तो ओळखला. तो आमच्या पंपावरचा होता, सगळ्यात पहिला. "हा माह्यावाला. सकाई काढून आणला. बायको गेली तवा केलता, आता कोणी रात्री जाऊ नये म्हणून. तुमाले समद्याइले मालूम हाय." त्यांनी डबा जरा पुढे सरकवला. "तुमचे ठेवा. पण स्क्रू मी सांगतो तेथं ठेवा. नाई तं रात्रीची लाईन येईन, अन् मंग डबा असला तरी भेव सुटत नाई. कधी मोटर अटकते, कधी फ्यूज जाते, माणसाले जा लागते अंधारात. आता दिवसाची लाईन हाय. मले डोये हायेत, पाय हायेत. तुमच्या समद्याइच्या मोटरी उठल्या का मंग मी जाऊन बटन दाबीन. समद्यात मागून. कोणाले बी माह्या मागं राहा लागत नाई."

 ज्या माणसाने आपल्या आईला विहिरीवर सगळ्यांच्या मागे बसलेलं पाहिलं होतं, तो सगळ्यांच्या मागे राहायची जागा स्वतः मागून घेत होता. ती जागा आपल्या हाताने दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नका करू असं. पण फिडर टिकायला हवा होता, आणि मी ऑपरेटर होते.

 मग पाटील खाकरले. "माहा मीच फिरवला," ते म्हणाले. "उद्या करून घेतो पहिल्यासारखा." त्यानंतर एकेकाला आठवत गेलं. कुणाच्या भावाने फिरवला होता, कुणाच्या जावयाने, एकाने तर चुकून. कुणीतरी चहा मागवला. दोघांतिघांनी जाताना बाबांना सांगितलं, की त्यांचं वावर रस्त्यालाच लागून आहे, तेही डबा काढून टाकतील आणि हाताने सुरू करतील. सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही. लाईनमनने दुसऱ्या दिवशी अकरा स्क्रू पुन्हा शून्यावर पकडले आणि त्यांच्यावर लाख लावून टाकली.

मुदतीच्या दिवशी साहेब आठलाच येऊन बसले. त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं आणि दोनदा मला विचारलं, की ब्रेकरची बॅटरी चार्ज आहे ना. साडेआठला मी ब्रेकर दिला. एक, दोन, तीन, चार, पाच. काटा थोडा उडाला, खाली आला आणि एका जागी उभा राहिला. टोकाचा डीपी. वीस सेकंदांनी पुन्हा थोडा उडाला आणि आधीपेक्षा जरा वर थांबला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आमच्या जिन्यावरून बाबा चढतात तसा, एका पायरीवर थांबून, श्वास घेऊन, दुसरी. बल्ब एकदाही पिवळा पडला नाही. चौदावी पायरी झाली तेव्हा साहेबांनी रुमाल काढला.

पावणेनऊला पूर्वेकडून ढगाचा एक तुकडा आला. प्लँटचा आकडा खाली आला, तेवढी वीज वरच्या लाईनने दिली, ढग गेला, आकडा परत वर आला. फिडरचा काटा जरा थरथरला आणि तिथेच राहिला. प्लँटवरून फोन आला. "मॅडम, आज कोई नहीं भागा." त्याला भरून आलं होतं असं वाटलं, पण तो एकटा राहतो, त्याला कशानेही भरून येतं. साहेबांनी रजिस्टरमध्ये "स्थिती समाधानकारक" असं लिहिलं, दोन गटांचं पत्र तूर्त फाईलला लावायला सांगितलं आणि निघून गेले. लाईनमन त्यांना पोचवायला गेटपर्यंत गेला. खोलीत मी एकटीच उरले.

तेव्हा बाबांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता. ते वावरात होते, विहिरीपाशी. तिथे जायला तोच एक बांध आहे. आई गेल्यापासून मोटर सुरू करायला त्या बांधावरून आमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं. डबा होता ना. बाबा आज गेले होते, लख्ख उन्हात.

"बाई, समद्याइच्या झाल्या काय चालू?"

"झाल्या, बाबा."

"पक्कं?"

"चौदाही डीपी. पाह्यलं मी."

"मंग करतो आता माही."

मला बटणाचा खटका ऐकू आला, मग मोटर गुरगुरली, सरळ झाली, आणि थोड्या वेळाने हौदात पाणी पडू लागलं. मी काट्यासमोर जाऊन उभी राहिले. पाच एचपीची एक मोटर अकरा हजार व्होल्टच्या फिडरवर पाव अँपिअरच्या आसपास घेते, आणि तेवढं त्या मीटरवर दिसत नाही. काटा होता तिथेच होता. हे मला माहीत होतं, आणि बाबांनाही माझ्याइतकंच माहीत होतं.

"दिसली काय तुले?" बाबांनी विचारलं.

"दिसली," मी म्हणाले.